भिंतीच्या प्लगपासून दोन रात्री लांब

आमच्या घरातली नळी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचायची, बाल्कनीच्या दारापर्यंत पोचायची, पण जिन्यापर्यंत नाही. मशीन दिवाणखान्यात, भिंतीच्या प्लगला लावलेलं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं. त्याच्यातून निघालेली पातळ नळी माझ्या नवऱ्याच्या दोन्ही नाकपुड्यांत. रात्रंदिवस घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. पहिल्या महिन्यात मला त्या आवाजानं झोप लागेना, आणि नंतर आवाज थांबला की मी दचकून उठायला लागले. पनवेलमध्ये वीज जाते तेव्हा सांगून जात नाही. घरच्या इन्व्हर्टरनं भार उचलेपर्यंतचा जो क्षण असतो ना, त्यात मी आयुष्याची निम्मी वर्षं घालवली असं मला वाटतं.

नवरा ट्रेलर चालवायचा. न्हावा शेवा बंदराच्या गेटातून कंटेनर उचलायचा आणि इंदूर, नागपूर, कधी पार लुधियाना. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो मला फोनवरच जास्त भेटला. आम्हाला मूलबाळ नाही. मी उलव्याच्या शाळेत शिकवायचे, संध्याकाळी घरी येऊन एकटीच जेवायचे आणि त्याची गाडी आज कुठे असेल याचा अंदाज बांधायचे. मग तो रिटायर झाला, मी रिटायर झाले, आता दोघं निवांत बसू म्हटलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं कडक होत चाललीत, ती काही परत मऊ होणार नाहीत. अर्धा देश पालथा घातलेला माणूस ओटा ते बाल्कनी एवढाच उरला.

मी त्याला इथे अरेतुरे करतेय, पण समोर कायम 'अहो'च. आमच्याकडे तशीच रीत.

एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "एकदा रिकाम्या गाडीनं जायचं हाय."

"कुठे?"

"कुठंबी. मागं लोड नाय, पुढं गेट नाय, शेठचा फोन नाय. समुद्र दिसंल तिथं थांबायचं नि गाडीतच झोपायचं. दोन रात्री. तुला घेऊन."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना? गाडीत झोपायचं आणि ही नळी कुठे खोचायची, आकाशात?"

तो हसला. हसताना खोकला आला, खोकताना ओठ निळे पडले, आणि मी विषय तिथेच बंद केला. पण त्यानं नाही केला. ड्रायव्हर माणूस, एकदा रस्ता मनात धरला की यू-टर्न घेत नाही. पुढच्या तपासणीला त्यानं माझ्यादेखत डॉक्टरांनाच विचारलं. मला वाटलं ते झाडतील त्याला. ते म्हणाले, "ऑक्सिजन क्षणभरही थांबता कामा नये. तेवढी सोय होत असेल तर जा. घरात बसून तरी काय चाललंय?" मला डॉक्टरांचा असा राग आला! सोय करायची कुणी? मीच ना.

तर सोय करायला लागले. एका शाळेची मुलांना ने-आण करणारी जुनी गाडी विकायला होती, ती घेतली. चालवणार मी. शाळेत मी स्वतःची छोटी गाडी घेऊनच जायचे, त्यामुळे हात बसलेला होता, पण ही लांबुडकी गाडी म्हणजे वळताना मागचं अंग वेगळ्याच गावाला चालल्यासारखं वाटायचं. गाडीतल्या सीटा काढून दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, एवढं बसवायला कळंबोलीच्या एका वर्कशॉपमध्ये दिली. तिथला मालक फिरत्या घरांच्या गाड्या करून द्यायचा. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, गाडीत काय काय चालणार? दिवे, पंखा, फ्रीज?"

मी म्हटलं, "दिवे नाही चालले तरी चालेल. नवरा चालला पाहिजे."

मग मी त्याला मशीनची गोष्ट सांगितली. बाजारात खांद्याला लटकवायची छोटी मशीनं मिळतात, ती कमी वीज खातात. पण ती श्वासागणिक फुंकर मारतात, आणि ह्यांना अखंड धार लागते. म्हणजे घरचं मोठं मशीनच न्यायला हवं, आणि ते दिवसरात्र वीज ओढणार. लोक गाडीत राहायला जातात तेव्हा वीज गेली तर फ्रीजमधलं दूध नासतं. आमचं काय नासणार होतं ते मला तोंडानं उच्चारवेना.

नवऱ्याला जनरेटर हवा होता. आयुष्यभर इंजिनावर पोट भरलेला माणूस. त्याचं म्हणणं, इंजिन आवाज करतं म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो, बिघडणार असलं की आधी आवाज बदलतं. वर्कशॉपवाल्यानं एक छोटा जनरेटर अंगणात काढून ठेवला. आम्ही ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर बरोबर घेऊन गेलो होतो. नवऱ्यानं नळी खांद्यावरून मागे टाकली, पाय रोवला आणि सुरू करायची दोरी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा ओढताना हात अर्ध्यातच राहिला. तो वाकला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि कुणी जवळ गेलेलं त्याला नको होतं म्हणून मी गेले नाही. मग वर्कशॉपवाल्यानं दोरी ओढली. जनरेटर फटफटला, वारा फिरला, धुराचा झोत सरळ आमच्यावर. पुढचा खोकला मी कधी विसरणार नाही.

मी म्हटलं, "हे धूड आमच्या गाडीच्या आसपाससुद्धा नको! श्वासासाठी वीज आणि विजेसाठी धूर? आगीतून फुफाट्यात!"

वर्कशॉपवाला म्हणाला, लांब ठेवून तार ओढता येते, वाऱ्याची दिशा बघायची, बटणावर सुरू होणारेही मिळतात, महाग असतात. मी भांडायच्या तयारीत नवऱ्याकडे बघितलं. तो दोरीच्या मुठीकडे बघत होता. म्हणाला, "नको. ऱ्हाव दे." एवढंच. मला वाटलं धुरानं त्याचं मन बदललं.

त्यानंतर घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा पाणी घालायच्या बॅटऱ्या बघितल्या. त्या जड, आणि पूर्ण वापरायच्या नसतात, अर्ध्याच्या खाली गेल्या की लवकर मरतात. शिवाय चार्ज होताना त्यांच्यातून वायू सुटतो, तो झोपायच्या खोलीत कोण घेणार? एकजण म्हणाला, रिसॉर्टच्या आवारात गाडी लावा, ते प्लग देतात. त्यावर नवरा म्हणाला, "प्लगच पायजे तर घर काय वाईट हाय?" खरं होतं ते. त्याला नेमकं प्लगपासूनच लांब जायचं होतं. शेवटी लिथियमची मोठी बॅटरी, छतावर दोन मोठी सोलर पॅनेलं, आणि गाडी चालू असताना तिच्या इंजिनावरूनही बॅटरी भरेल अशी जोडणी, असं ठरलं. दोन भरलेले सिलिंडर अडीअडचणीला. बॅटरी म्हणजे टाकी, ऊन म्हणजे नळाचं पाणी, मशीन म्हणजे सतत उघडी तोटी. रात्री टाकी उतरणार, दिवसा ती भरायलाच हवी. गाडीत पलंगाच्या डोक्याशी एक छोटा पडदा बसवला, त्याच्यावर आकडा. पूर्ण भरली की शंभर.

वर्कशॉपवाल्यानं बजावलं, "काकू, बाकीचे लोक गाडी सावलीत लावतात. तुम्ही उन्हात लावायची. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळं पॅनेल मंदावतं." मी मनाशी गाठ मारून ठेवली.

मग रंगीत तालीम. सोसायटीच्या आवारात गाडी उभी केली, नवऱ्याला गाडीत झोपवलं आणि एक अख्खा दिवस नि रात्र भिंतीच्या विजेशिवाय काढली. सेक्रेटरी येऊन म्हणाले, "मॅडम, हे काय नवीन? आवारात संसार थाटलात?" मी म्हटलं, "घरातलाच संसार आहे, फक्त चाकांवर आणलाय." सकाळी आकडा बराच उतरला होता. दुपार टळेपर्यंत परत चढला. मी वर घरी जाऊन देवापुढे दिवा लावला आणि तिथेच फतकल मारून रडले.

निघायला दसरा निवडला. नवऱ्याची मोठी बहीण गव्हाणला असते, सगळे तिला बाय म्हणतात, मीसुद्धा. मिठागरात वाढलेली बाई. साठी कधीच उलटली, पण अंग अजून वेताच्या छडीसारखं. ह्या सहलीच्या ती पूर्ण विरुद्ध होती. "घरात मशीन हाय, डॉक्टर जवल हाय, नि हा समिंदराला चाललाय! कशाला? आमी मीठ पिकवून समिंदर काय कमी बगला?" तरी दसऱ्याला सकाळीच ती झेंडूच्या माळा, नारळ, हळदकुंकू घेऊन हजर. त्यांच्या घरात दसऱ्याला जे कमावतं त्याची पूजा करतात. पूर्वी मिठागरातलं फावडं पुजायचे, मग ट्रेलर. तिनं स्टेअरिंगला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, मशीनलाही हळदकुंकू लावलं. मग म्हणाली, "आता तुजं कमावनारं काय ऱ्हायलं रं?"

नवरा मस्करीत म्हणाला, "आता ऊन कमावतं, बाय. वर काचा हायत, त्या ऊन खातात नि मना श्वास देतात."

एवढं बोलून तो आत आला, आणि मी आत सिलिंडर पट्ट्यानं बांधत होते. मागच्या शिडीवर पायांचा आवाज आला, वर काहीतरी सरकलं. मला वाटलं बाय नारळ वाढवतेय. खाली आली तेव्हा तिचे हात पिवळे होते आणि डोळे भरलेले. भावाच्या गालावर तेच हात ठेवून म्हणाली, "परत ये." मग माझ्याकडे वळून, "आन गो त्याला परत."

आम्ही निघालो. पेण, वडखळ, मग अलिबागचा रस्ता. मी चालवतेय आणि शेजारी बसून नवरा उंटावरून शेळ्या हाकतोय. "गिअर टाक. आता कशाला ब्रेक? तो ट्रेलरवाला जाईल, त्याला जाऊ दे, त्याला येळेत पोचायचं हाय." मध्येच एखाद्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला हात करायचा. अनोळखी ड्रायव्हरही हात करायचा. नळी नाकात, मशीन मागे घुरघुरतंय, आणि ह्या माणसाचा चेहरा असा उजळलेला की मला रस्त्यावर लक्ष ठेवणं मुश्किल झालं. पडद्यावर आकडा शंभराच्या आसपास. इंजिन भरत होतं.

अलिबागच्या पुढे किनाऱ्यालगत एक मोकळं मैदान होतं, जागेच्या मालकानं दोन दिवस गाडी लावू दिली. पलीकडे सुरूची दाट सावली, तिथे सुट्टीला आलेल्यांच्या गाड्या. आम्ही भर उन्हात. लोक बघत होते, हे म्हातारे येडे झाले काय! त्या संध्याकाळी नवरा सूर्य बुडेपर्यंत दारातच बसून होता. मी शेजारी. जेवलो, झोपलो. गाडीत, नवऱ्याच्या शेजारी, समुद्राच्या आवाजात मी पहिल्यांदाच झोपत होते, या वयात. मला लाजल्यासारखं झालं, खरंच सांगते.

सकाळी आकडा चाळीसच्या जवळपास होता. तालमीतही तेवढाच उतरला होता, म्हणून घाबरले नाही. आकाश लख्ख. ऊन चढलं. मी पोहे केले, भांडी घासली, पडद्याकडे बघितलं. आकडा चढायच्या ऐवजी आणखी उतरला होता. म्हटलं, सकाळचं ऊन तिरपं असतं. आणखी वेळ गेला, ऊन डोक्यावर यायला लागलं, आकडा उतरतोच आहे. वर्कशॉपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सावली आहे का वर?" मी बाहेर येऊन चारी बाजूंनी बघितलं. जवळपास झाड नाही, खांब नाही. उंच गाडी, खालून छत दिसत नाही. म्हटलं, "सावली नाही हो, टळटळीत ऊन आहे." तो म्हणाला, मग एखादी तार सैल झाली असेल, तुम्ही परत या.

आमचं निघतानाच ठरलेलं होतं. आकडा तिसाखाली गेला की वाद घालायचा नाही, घरी. मी आत गेले सांगायला. नवरा पलंगावर टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. "घरी जायचं," मी म्हटलं. तो काही बोलला नाही. मला वाटलं रुसलाय. मग त्याच्या नखांकडे लक्ष गेलं. जांभळी. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तर आकडा ऐंशीच्याही खाली. मशीनकडे बघितलं. नळीत किती धार जाते ते दाखवणारी एक छोटी गोळी असते, ती कायम दोनच्या रेषेवर ठेवायची. गोळी एकच्या खाली होती. कुणी फिरवली? गाडीत आम्ही दोघंच.

मी धार वाढवली आणि तिथेच उभी राहिले, चिमट्यावरचा आकडा चढेपर्यंत. चढला. नखं हळूहळू माणसासारखी दिसायला लागली. मग माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! राग आला की माझ्या तोंडातून माहेरची भाषा निघते.

"तुमाला जीव नको हाय काय? कमी कशाला केलं?"

"बॅटरी उतरत व्हती," तो म्हणाला. "म्हटलं अॅक्सिलेटर कमी करावा. डिझेल वाचतं."

ट्रेलरवाल्याचं डोकं! त्याला वाटलं, पाय हलका ठेवला की टाकी जास्त चालते. आणि हे मशीन असं आहे की धार कमी केली तरी वीज जवळपास तेवढीच ओढतं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सकाळपासून तो अर्ध्या श्वासावर बसून होता आणि एक युनिटसुद्धा वाचलं नव्हतं.

"एका रातीसाठी?" मी ओरडले. "एका रातीसाठी मरायला निघाले तुमी?"

"दोन म्हटलं व्हतं मी तुला," तो म्हणाला. "एकच झाली."

मला तिथे उभं राहवेना. गाडीतून उतरले आणि तरातरा वाळूच्या उंचवट्यापर्यंत गेले. आयुष्यभर ह्यानं मला घरी वाट बघायला लावली, आता चार दिवस दिलेत तर तेही असे, असं काहीतरी बडबडत होते. रडत होते. चिडले होते त्याच्यावर, डॉक्टरांवर, त्या छपरावरच्या काचांवर. डोळे पुसून मागे वळले तर उंचवट्यावरून गाडीचं छत दिसलं. छत पिवळं होतं.

पळत आले, साडी खोचली, शिडी चढले. झेंडूची जाडजूड माळ एका पॅनेलवरून दुसऱ्या पॅनेलवर, नागमोडी, सुतळीनं कठड्याला अशी आवळून बांधलेली की सुसाट वाऱ्यात, सगळ्या प्रवासात एक फूल हललं नव्हतं. आणि दोन्ही काचांवर हळदीचे पंजे. जाड लेप, वाळून कडक झालेला. जे कमावतं त्याची पूजा. ज्याच्यावर भावाचा श्वास आहे असं भावानंच सांगितलं, त्याला तिनं जीव लावून माळ घातली होती. काल इंजिनानं बॅटरी भरली म्हणून आम्हाला कळलं नाही. आज नुसतं ऊन होतं, आणि उन्हाच्या वाटेत बाय उभी होती.

मी मोठ्यानं हसले का रडले मला आठवत नाही. सुरीनं सुतळी कापली. पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून पदरानं ते पंजे घासले. बायचा हात केवढासा, आणि पुसता पुसेना. खाली उतरून पडदा बघितला. आकडा उतरायचा थांबला होता. थोड्या वेळानं एकानं चढला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "बाय पन ना!" मग गंभीर झाला. "तिला सांगू नको. कधीच नको."

पण दुपार बरीच सरली होती. उरलेल्या उन्हात रात्रीपुरतं भरणार नव्हतं. मी ठरल्याप्रमाणं घरी निघायला गाडी सुरू केली, रस्त्याला लागले, आणि त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीतून समुद्राकडे बघत होता. मी पनवेलच्या बाजूला वळलेच नाही. दुसऱ्या बाजूला वळले. म्हटलं, इंजिन बॅटरी भरतं ना? मग चालवू या भरेपर्यंत.

किनाऱ्याच्या रस्त्यानं गाडी घेऊन मी नुसती हिंडले. गावं आली, गेली. रेवदंड्याचा पूल ओलांडला, पुढे जाऊन वळवली, परत ओलांडली. कुठे जायचं नव्हतं, काही पोचवायचं नव्हतं. नवरा गिअरबद्दलसुद्धा बोलला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ही खरी रिकामी गाडी."

माझा राग अजून पुरता गेला नव्हता. म्हटलं, "जनरेटर घेतला असता तर ही पाळीच आली नसती. तुम्ही का नको म्हणालात? माझ्यासारखं धुरासाठी?"

"धुराचं काय, लांब ठेवता आला असता." तो थांबला, नळी नीट केली. "ती दोरी तुला ओढता आली नसती."

"मी कशाला ओढू? तुम्ही आहात ना..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. त्यालाही ती दोरी ओढता आली नव्हती, ते आम्ही दोघांनी बघितलं होतं. तेव्हा दोरीच्या मुठीकडे बघत तो कशाचा विचार करत होता ते मला तिथे, रेवदंड्याच्या पुलावर कळलं. म्हणाला, "उनाला कोन सुरू करायला लागत नाय. माज्यामागं तुला कुनाला बोलवायला नको." मी गाडी बाजूला घेतली, कारण मला समोरचं दिसेना. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. मारू देत म्हटलं.

दुसरी रात्र त्याच मैदानात काढली. धार दोनवर, मी स्वतः बघून. सकाळी आकडा उतरलेला, पण जीव घाबरा व्हावा इतका नाही, आणि ऊन पडताच चढायला लागला. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. बाय आमच्या आधीच जिन्यात येऊन बसली होती. भावाला सुखरूप उतरताना बघून तिनं दृष्ट काढत कानशिलांवर बोटं मोडली. मग हळूच विचारलं, "वरची माल टिकली काय रं?"

"टिकली की," नवरा म्हणाला. "लय घट्ट बांधली व्हतीस."

थंडी सरता सरता तो गेला. घरातच, भिंतीच्या प्लगजवळ, मशीन चालू असताना. शेवटी मशीनचा दोष नव्हता, विजेचा नव्हता. देणारं देत होतं, घेणारी फुफ्फुसं संपली होती. मशीन मी एका गरजूला देऊन टाकलं. घरात इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही मला अंगावर आल्यासारखी वाटायची. गाडीही विकून टाक, असं सगळे म्हणाले. एकटी बाई, काय करणार आहेस? मी ऐकून घेतलं आणि विकली नाही.

होळी झाल्यावर एक दिवस बाय आली. बराच वेळ बसली, आणि मग म्हणाली, "मना नेशील काय गो? तो गेलता तिकडं." एवढी समुद्राला नाकं मुरडणारी बाई! मी चावी उचलली. कुणाला बोलवायला लागलं नाही.

त्या मैदानात मात्र गेले नाही, तेवढं बळ नव्हतं. अलीकडेच एका उघड्या माळावर गाडी लावली. भाकरी खाल्ली, भावाच्या लहानपणीच्या गोष्टी तिनं सांगितल्या, दिवे लावले, पंखा लावला, झोपलो. सकाळी बाय माझ्या आधी उठली होती. पडद्यावरचा आकडा कसला ते मी तिला आदल्या दिवशी समजावलं होतं. चहा ठेवते तोवर तिनं मला हाक मारली, खूश होऊन, एखादी शुभवार्ता सांगावी तशी.

"ये बग गो! रातभर पंका चालला, तरी भरलेलीच! शंबर!"

मी जाऊन बघितलं. शंभर. सूर्य आत्ता कुठे वर आला होता आणि रात्री जे काही थोडंसं गेलं होतं ते भरूनही झालं होतं. ह्या आकड्याकडे बघत मी किती जीव टांगणीला लावला होता. तो चढावा म्हणून मी पूल ओलांडत बसले होते. आणि आता ऊन वरून ओततंय, टाकी काठोकाठ, आणि खाली तोटीच नाही.

"का गो, काय झालं?" बाय विचारत राहिली. मी दिवसाढवळ्या गाडीतले सगळे दिवे लावले. पंखा लावला. पाण्याचा पंप सुरू करून नळ सोडून दिला. ओट्यावरचा मिक्सर रिकामाच फिरवला. बाय घाबरून माझा हात धरायला लागली, तरी मी पडद्यासमोरून हलले नाही. आकडा काही खाली येईना.